जिवाणूंचे शर्करावरण, लस आणि बालकाची व्याधिक्षमता

‘थोरल्याला टायफॉइडची जी लस टोचली, तीच दहा महिन्यांच्या धाकट्याला का चालत नाही?’ असा प्रश्न पालक चिकित्सालयात आणि औषधाच्या दुकानातही विचारतात. ‘तो अजून लहान आहे’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही, आणि खरे पाहता आपलेही होऊ नये. या प्रश्नाचे उत्तर जिवाणूंच्या शर्करामय आवरणात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार करीत आहोत.

आवरणाचे प्रयोजन

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ (हिब) आणि आंत्रिक ज्वराचा जिवाणू यांच्या पृष्ठभागावर शर्करेच्या दीर्घ साखळ्यांचे, म्हणजे पॉलिसॅकराइडचे, वेष्टन असते. या वेष्टनामुळे रक्तातील भक्षक पेशींना जिवाणू सहज पकडता येत नाही. मात्र वेष्टनाला चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात असतील, तर पूरक प्रथिनांच्या साहाय्याने भक्षक पेशी त्याच जिवाणूला गिळून टाकतात. म्हणजे जिवाणूचे हे कवचच त्याची ओळख ठरते. हे द्रव्य शर्करा आहे, हे हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी १९२३ मध्ये न्यूमोकोकसवरील संशोधनातून दाखवून दिले. शुद्ध केलेल्या शर्करेचीच लस करावी, हा विचार त्यातूनच पुढे आला.

केवळ शर्करेची मर्यादा

१९७४ मध्ये फिनलंडमध्ये तीन महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ९८ हजार बालकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना हिबची शर्करा-लस दिली गेली, तर उरलेल्यांना मेनिंगोकोकसची. दीड वर्षापेक्षा मोठ्या बालकांना हिबच्या लसीने उत्तम संरक्षण मिळाले. त्याहून लहान बालकांना मात्र मिळाले नाही. हिबजन्य मस्तिष्कावरणशोथाचा सर्वाधिक धोका नेमका याच लहान वयात असतो. ज्यांना लसीची गरज सर्वांत मोठी, त्यांनाच ती निरुपयोगी ठरली.

याचे कारण असे. प्रथिनरूप प्रतिजन शरीरात आला की बी पेशी त्याचे तुकडे करून टी पेशींपुढे मांडतात आणि टी पेशी त्यांना साहाय्य करतात. या साहाय्यामुळे प्रतिपिंडे अधिक नेमकी होतात आणि स्मृतिपेशी निर्माण होतात. शर्करेचे तुकडे टी पेशींपुढे अशा रीतीने मांडता येत नाहीत. शर्करेची एकसारखी पुनरावृत्त रचना बी पेशीवरील अनेक ग्राहकांना एकाच वेळी जोडते आणि तिला परस्पर उत्तेजित करते. टी पेशींच्या साहाय्यावाचून होणारा हा प्रतिसाद मुख्यतः प्लीहेच्या सीमावर्ती भागातील बी पेशी देतात, आणि हा भाग साधारण दोन वर्षांपर्यंत परिपक्व नसतो. प्रौढांमध्ये प्रतिपिंडे तयार होतात. पण स्मृती राहत नाही. म्हणून मात्रा पुन्हा दिली तरी प्रतिसाद पहिल्यापेक्षा वाढत नाही.

सुश्रुतांनी दोन वर्षांपर्यंतच्या बालकास क्षीरान्नाद म्हटले आहे. ही वयोमर्यादा येथे जुळते, हे आपल्या वाचकांच्या लक्षात येईलच. तथापि ते वर्गीकरण आहाराचे आहे. या साम्याचा स्मरणासाठी उपयोग करावा, प्रमाण म्हणून करू नये.

प्रथिनाची जोड

एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ ते १९३१ या काळात शर्करा प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडून सशांना टोचली, आणि एरवी प्रतिसाद न देणाऱ्या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. या तत्त्वावर पुढे ‘कॉन्ज्युगेट’ म्हणजे संयुग्म लसी सिद्ध झाल्या. शर्करा ओळखणारी बी पेशी तिच्याबरोबर प्रथिनही आत ओढते, त्याचे तुकडे टी पेशींपुढे मांडते आणि साहाय्य मिळवते. अशा रीतीने तान्ह्या बालकातही स्मृती निर्माण होते.

येथे अनुपानाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण तुलना फार ताणू नये. दोन्ही द्रव्ये एका कुपीत केवळ मिसळून हे कार्य होत नाही. ती एकाच बी पेशीत एकत्र गेली पाहिजेत, म्हणून त्यांच्यात रासायनिक बंध आवश्यक असतो.

हिबची संयुग्म लस अमेरिकेत १९९० पासून दोन महिन्यांच्या बालकांना देता येऊ लागली आणि तेथील हिबजन्य मस्तिष्कावरणशोथ जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे पेंटाव्हॅलंट लसीतील हिबचा घटक संयुग्मच आहे. न्यूमोकोकसची संयुग्म लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. आफ्रिकेसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली मेनिंगोकोकस ‘ए’ची संयुग्म लस २०१० मध्ये बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली, तिच्यात धनुर्वाताचे टॉक्सॉइड हे वाहक प्रथिन आहे.

व्यवहारात काय करावे?

टायफॉइडच्या दोन्ही प्रकारच्या लसींत ‘व्हीआय’ हीच शर्करा असते आणि खोक्यावरील नावेही सारखी भासतात. केवळ पॉलिसॅकराइडची लस दोन वर्षांनंतरच द्यावयाची असते. संयुग्म लस सहा महिन्यांनंतर देता येते. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीवरील पूर्ण नाव आणि बालकाचे वय पडताळल्याशिवाय कुपी हाती देऊ नये. चुकीच्या कुपीने अपाय झालेला दिसत नाही. बालक संरक्षित आहे असा खोटा विश्वास मात्र निर्माण होतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी; गोठलेली लस वापरू नये.

प्लीहा काढलेल्या रुग्णांना कवचधारी जिवाणूंचा धोका आयुष्यभर राहतो. असा रुग्ण तापाने आला तर घरी उपचार करीत न थांबता त्याला त्वरित रुग्णालयात पाठवावे.

शेवटी एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. सुवर्णप्राशनासारखे उपक्रम आपण राबवितो. ते लसीला पर्याय आहेत असे पालकांना वाटू देणे योग्य नव्हे. विशिष्ट जिवाणूच्या विशिष्ट कवचाची ओळख ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती योग्य वयात, योग्य लसीनेच घडते. आपल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या पालकांना हे सांगणे आपले कर्तव्य आहे.