मेम्ब्रेनमध्ये माती घालताना

पॉलिसल्फोन एनएमपी या द्रावकात विरघळवायचं, काचेवर पातळ थर ओढायचा आणि काच पाण्यात बुडवायची. द्रावक पाण्यात निघून जातो, पॉलिमर थिजतं, छिद्रं पडतात. अल्ट्राफिल्ट्रेशनचं मेम्ब्रेन ते हेच. त्यात सुधारित क्ले, म्हणजे रासायनिक बदल केलेली माती, मिसळू पाहणाऱ्यांसाठी लॅबमधले काही अनुभव.

१. माती ओळखीचीच आहे. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते, ती माँटमोरिलोनाइटच्या जातकुळीतल्या खनिजांमुळे. सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे थर आणि त्यांच्यामध्ये शिरणारं पाणी. म्हणून शेतातली ढेकळं मात्र आणू नका! खाणीतलं बेंटोनाइटसुद्धा वाळू काढून, धुऊनच घ्यावं लागतं.

२. सुधारक निवडताना घाई नको. थरांमधल्या सोडियमच्या जागी लांब शेपटीचे अमोनियम क्षार बसवले, की अंतर साधारण १.२ नॅनोमीटरवरून १.८ च्या पुढे जातं. एक्स-रे आलेखातलं शिखर ७ अंशांजवळून ५ च्या खाली सरकतं आणि सगळे खूश होतात. पण ती शेपटी तेलकट असते. मातीला पाण्याची ओढ म्हणून ती घालायची आणि तीच ओढ मारायची, याला काय अर्थ? हायड्रॉक्सिल गट असलेला सुधारक घ्या. माती पॉलिमरमध्ये मिसळते आणि पाण्याशीही फटकून वागत नाही.

३. आधी द्रावकात माती, अल्ट्रासोनिकवर नीट पसरवलेली, पॉलिमर नंतर. घट्ट झालेल्या द्रावणात गुठळ्या सुटत नाहीत.

४. पॉलिमरच्या वजनाच्या एक ते तीन टक्क्यांपासून सुरुवात करा. थोड्या मातीने पाणी आत लवकर शिरतं, बोटांसारख्या लांब पोकळ्या तयार होतात. जास्त झाली की द्रावण दाटतं, माती गोळा होते, भोकं पडतात. भोक पडलेल्या मेम्ब्रेनचा फ्लक्स, म्हणजे पाणी आरपार जाण्याचा वेग, झकास येतो! त्यामुळे किती प्रथिन अडलं हे सांगितल्याशिवाय नुसत्या फ्लक्सला मी किंमत देत नाही.

५. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता मोजूनच कास्टिंग करा. थर बुडवण्याआधीच धुरकटला, तर तो टाकून द्या.

६. शेवटची परीक्षा धुण्याची. प्रथिनाचं द्रावण गाळा, साध्या पाण्याने मेम्ब्रेन धुवा आणि मूळ फ्लक्सपैकी किती परत आला ते पाहा. गाळलेल्या पाण्यात माती उतरतेय का, तेही तपासा. अहवालात हे दोन आकडे आधी लिहा, बाकीचे नंतर.