मनगटावरचं पाकीट

पाकिटाची जागा खिशात असते असं आपण धरून चालतो. पण बँकांनी ही जागा बदलायचं मनावर घेतलेलं दिसतं. ब्रिटनमध्ये बार्कलेज बँकेने २०१४ मध्ये 'बीपे' नावाचा मनगटी पट्टा आणला. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये स्टेट बँक आणि टायटन यांनी मिळून 'टायटन पे' घड्याळं काढली. मग मार्च २०२१ मध्ये ॲक्सिस बँकेने 'वेअर एन पे' या नावाने बँड, की-चेन आणि घड्याळाच्या पट्ट्यात सरकवायची लूप आणली, तीही ७५० रुपयांपासून. मशीनजवळ हात न्यायचा, 'टिक्' आवाज आला की पैसे गेले!

गंमत म्हणजे पैसे देण्यासाठी अशा साध्या बँडला ना चार्जिंग लागतं, ना मोबाइलची रेंज. मग हे चालतं कसं? आणि त्याहून महत्त्वाचं, यात आपले पैसे सुरक्षित आहेत का?

वीज येते कुठून?

उत्तर फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्येच आहे. दुकानातल्या मशीनमध्ये एक कॉइल असते. तिच्यातून १३.५६ मेगाहर्ट्झचा एसी करंट वाहतो, त्यामुळे भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बँडमधली छोटी कॉइल या क्षेत्रात आली की फॅरडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे तिच्यात व्होल्टेज निर्माण होतं. तेवढ्यावर बँडमधली चिप जागी होते. थोडक्यात, मशीन म्हणजे प्रायमरी, बँड म्हणजे सेकंडरी आणि मधे हवा. एक ट्रान्सफॉर्मरच झाला की!

चिप उत्तर कसं देते, हे तर फारच छान आहे. तिच्याकडे स्वतःचा ट्रान्समीटर नसतो. ती फक्त आपला लोड कमी-जास्त करते. सेकंडरीवरचा लोड बदलला की प्रायमरीला ते जाणवतं, हे आपण लॅबमध्ये बघितलंच आहे. याला लोड मॉड्युलेशन म्हणतात. १३.५६ मेगाहर्ट्झला १६ ने भागा, ८४७.५ किलोहर्ट्झ येतात. ही झाली सबकॅरियर. १२८ ने भागा, सेकंदाला सुमारे १०६ किलोबिट हा संभाषणाचा मूळ वेग मिळतो.

कॉइलच्या आकारापेक्षा बरंच लांब गेलं की हे क्षेत्र अंतराच्या घनाप्रमाणे घटतं. अंतर दुप्पट, तर क्षेत्र आठवा हिस्सा. म्हणून हात अगदी मशीनजवळ, काही सेंटीमीटरवर न्यावा लागतो. घड्याळात आणखी एक अडचण असते. धातूच्या केसमध्ये एडी करंट तयार होऊन ते मूळ क्षेत्रालाच विरोध करतात. टायटनच्या घड्याळांत चिप डायलमध्ये न बसवता पट्ट्यात बसवली होती, ती जागा या दृष्टीनेही सोयीची.

कोणी चोरून ऐकलं तर?

ऐकू दे! चिपमध्ये एक गुप्त की असते, ती कधीच बाहेर येत नाही. प्रत्येक व्यवहारात रक्कम, मशीनने दिलेला रँडम नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक यांच्यावर ही की वापरून चिप एक नवा संकेत तयार करते. तो तेवढ्याच व्यवहारापुरता चालतो. त्यामुळे आजचं संभाषण रेकॉर्ड करून उद्या वाजवलं तर बँक ते नाकारते. इथपर्यंत सगळं उत्तम आहे.

पण मनगट कोणाचं?

खरी मेख इथे आहे. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये पिनशिवाय टॅप करण्याची मर्यादा २००० रुपये ठरवली. १ जानेवारी २०२१ पासून ती ५००० झाली. लक्षात घ्या, ही मर्यादा एका व्यवहाराची आहे, दिवसाची नाही. होस्टेलवर राहणाऱ्याला ५००० म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

ॲपल वॉचसारखं स्मार्टवॉच मनगटावरून काढलं की लॉक होतं आणि पुन्हा घातल्यावर पासकोड मागतं. साध्या बँडला मनगट कळतच नाही. तो बाथरूमच्या खुंटीवर राहिला काय किंवा व्हॉलीबॉल कोर्टच्या कट्ट्यावर राहिला काय, ज्याच्या हातात असेल त्याच्यासाठी तो इमानेइतबारे काम करतो. बँकेला मिळालेला संकेत एवढंच सिद्ध करतो की बँड तिथे होता. तुम्ही होतात की नाही, हे तो सांगू शकत नाही.

मग नुकसान कोणाचं? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक सूत्र घालून दिलं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे बँड हरवल्यावर 'सापडेल रे उद्या' म्हणून झोपून जाणं महागात पडू शकतं.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. घरून आलेले सगळे पैसे ज्या खात्यात आहेत, त्याला बँड जोडू नका. खर्चापुरती रक्कम ठेवलेलं वेगळं खातं किंवा प्रीपेड प्रकार बरा. कार्डांवरचं टॅप चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय द्यायला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना सांगितलं. बँड घेताना त्यालाही ती सोय आहे का, हे विचारा आणि मर्यादा ५००० वरून ५०० वर आणा. एसएमएस अलर्ट चालू ठेवा. ब्लॉक करायचा नंबर फक्त मोबाइलमध्ये न ठेवता वहीतही लिहून ठेवा, कारण बँड आणि मोबाइल एकदमच हरवू शकतात.

आणि फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनो, हा घ्या विषय! मशीनच्याच क्षेत्रातून वीज घेऊन बोटाचा ठसा तपासणारी बँक कार्डं जगात निघाली आहेत. तेच काम मनगटाएवढ्या जागेत आणि परवडणाऱ्या किमतीत करता आलं, तर बँडला मालक ओळखता येईल. तोपर्यंत ती जबाबदारी आपलीच.