शिफारसपत्र आणि विश्वास : व्हिक्टोरियन कादंबरीतील गव्हर्नेस

घरात राहून मुलांना शिकवणारी गव्हर्नेस व्हिक्टोरियन मध्यमवर्गाला हवी होती. परकी स्त्री घरात घेण्याची धास्तीही होतीच. ओळखीपाळखी, वृत्तपत्रातील जाहिरात आणि शिफारसपत्र हे निवडीचे रूढ मार्ग होत. १८४८ साली लंडनमध्ये क्वीन्स कॉलेज सुरू झाल्यावर गव्हर्नेसच्या ज्ञानाला प्रमाणपत्राचा आधार मिळू लागला. चारित्र्याबाबत मात्र इतरांच्या शब्दावरच विसंबावे लागे.

हा शब्द कितपत भरवशाचा? थॅकरे यांच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये (१८४७-४८) बेकी शार्पची शिफारस करणारी मिस पिंकर्टनच पुढे, चौकशीचे पत्र येताच, बेकीच्या आईवडिलांचा कमीपणा उघड करते. म्हणजे विश्वासाच्या नावाखाली तपासले जाते ते कूळ.

शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. जेन स्वतः जाहिरात देते. मिसेस फेअरफॅक्स वार्षिक तीस पौंड देऊ करतात व दाखले मागवतात. लोवुड शाळा ते देते. जेनच्या हाती मात्र त्या घराविषयी एका पत्रापलीकडे काही नाही. मिसेस फेअरफॅक्स याच मालकीण, असे समजून ती थॉर्नफिल्डला पोहोचते; रॉचेस्टरचे नावही तिला तेथेच कळते. रहस्य दडलेले असते ते दाखला मागणाऱ्या घरात.

गव्हर्नेस विश्वासार्ह आहे काय, हे विचारण्याची सोय समाजाने केली होती. घर विश्वासार्ह आहे काय, हे विचारण्याची सोय नव्हती. ती उणीव कादंबरीने दाखवून दिली, हे या कृतींच्या अभ्यासात ध्यानी घ्यावयास हवे.