दहावीनंतरची वाट

शालांत परीक्षेचा निकाल लागला म्हणजे खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत एकच प्रश्न उभा राहतो : आतां मुलास कोठें घालावें? शेजाऱ्याचा मुलगा ज्या कॉलेजांत गेला, त्यांतच आपलाही घालावा, असें ठरवून कित्येक आईबाप कर्ज काढितात. मग वर्षा-दोन वर्षांत मूल शिक्षण अर्धें टाकून परत येतें. कर्ज मात्र राहतें. म्हणून वाट धरण्यापूर्वीं ती कोठवर जाते हें पाहणें अगत्याचें आहे.

महाराष्ट्रांत मुख्य वाटा तीन आहेत. पहिली अकरावी-बारावीची. वैद्यकीकडे जावयाचें तर हीच धरावी लागते. परंतु केवळ बारावीनें बहुधा हातीं धंदा येत नाहीं, हें ओळखून पुढील खर्चाची तजवीज आधींच करावी. दुसरी तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षांत पदविका मिळते, व ती घेतलेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मागतां येतो. तिसरी आय.टी.आय.ची. तेथें वेल्डरचा क्रम एक वर्षाचा, फिटर व इलेक्ट्रिशियन यांचा दोन वर्षांचा असतो. ही वाट पुढें बंद होते असें पुष्कळांस वाटतें. पण तसें नाहीं. दहावीनंतर दोन वर्षांचा क्रम पुरा करणारास पदविकेच्या दुसऱ्या वर्षासाठीं अर्ज करितां येतो. म्हणजे आज जो हातीं पाना धरितो, तो उद्यां अभियंताही होऊं शकतो.

ज्यास घर सोडवत नाहीं त्यानें निराश होऊं नये. नाशिक येथें १९८९ सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ काम करीत शिकणारांस उपयोगी आहे. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं तर 'कमवा आणि शिका' हीच रीत घालून दिली. श्रमानें विद्येस कमीपणा येत नाहीं, हा धडा त्यांपासून घ्यावा.

तर आमच्या वाचकांनीं, विशेषेंकरून गांवोगांवच्या शिक्षकांनीं, मुलास जवळ बसवून चार गोष्टी विचाराव्या : कोणत्या कामाची तुला गोडी आहे? खाणावळीसह सर्व वर्षांचा खर्च किती? संस्थेस सरकारी मान्यता आहे काय? मध्येंच थांबावें लागलें तर हातीं काय राहील? उत्पन्नाचा व लागू असल्यास जातीचा दाखला निकालापूर्वींच काढून ठेवावा. दाखल्यावांचून शिष्यवृत्ति हुकते.

आणि हेच चार प्रश्न मुलीसही विचारावे. लग्न हें त्यांचें उत्तर नव्हे.