दाब हलकाच ठेव गं

अगं, कॉम्प्रेसरचं पेडल घ्यायचं म्हणतेस ना, घे की. पण कशासाठी घेतेयस ते आधी खरं सांग. ऑर्केस्ट्रातलं कुणीतरी म्हणालं असणार, "पोरीच्या बोटात जोर नाही, बेस ऐकूच येत नाही." बार्शी काय, कुर्डुवाडी काय, लातूर काय, स्टेजमागे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. ते मनातून काढून टाक. मोटाउनचा जेम्स जेमरसन, ज्याची गाणी ऐकून जगभरातले बेसवाले शिकले, तो उजव्या हाताच्या एका तर्जनीनं वाजवायचा. आणि स्टुडिओत बेसला कॉम्प्रेसर लावतात तो वाजवणारा कोण आहे हे बघून लावत नाहीत. बिल पुटनम यांचं ते प्रसिद्ध 1176 यंत्र 1967 साली आलं, तेव्हापासून कितीतरी नामवंतांचा बेस त्यातून गेलाय. त्यांच्या बोटांत काय जोर नव्हता?

बेसचं दुखणंच निराळं असतं गं. जाडी ई तार मोकळी वाजवलीस की ती सेकंदाला साधारण 41 वेळा हलते. एवढा खालचा सूर आपल्याकडच्या मंडपातल्या लहान स्पीकरांना पेलत नाही, कानाला लागतात ते त्याच्या वरचे उपसूर. त्यात एक तार दणकते, दुसरी मऊ पडते, मधलाच एखादा सूर खोलीभर घुमतो. मऊ सूर ऐकू यावा म्हणून साउंडवाला लेव्हल चढवतो, की पुढचा जोराचा सूर फाटतो. मग तो वैतागून तुला सगळीच खाली घेतो आणि तू कार्यक्रमभर हात दुखेस्तोवर तारा ओढतेस. कॉम्प्रेसर लागतो तो इथं.

आपले आप्पा रिमोट हातात धरून बातम्या बघतात ना, तसं समज. जाहिरात दणकली की आवाज खाली, बातम्या लागल्या की परत वर. कितीपर्यंत सहन करायचं ते थ्रेशोल्ड. किती दाबायचं ते रेशो. चारास एक ठेवलास, तर मर्यादेच्या वर 8 डेसिबल उसळलेला सूर फक्त 2 डेसिबल वर राहतो. बटण दाबायला आप्पांना लागणारा वेळ म्हणजे अटॅक, सोडायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. दाबून सगळंच खाली आलं म्हणून शेवटी लेव्हल उचलायची, तो मेकअप गेन. स्वस्तातल्या पेडलवर दोनच खुंट्या असतील तर घाबरू नको. 'सस्टेन' लिहिलेली दाब वाढवते आणि 'लेव्हल' शेवटचा आवाज, बाकीचं आत ठरवून टाकलेलं असतं.

आता मन लावून ऐक, अटॅकमध्येच सगळी गंमत आहे. तारेवर बोट पडतं तेव्हाचा पहिला टणकारा ऐकणाऱ्याला सांगतो की इथं सूर सुरू झाला. अटॅक फार झटपट ठेवलास तर तो टणकाराच चिरडला जातो आणि उरते नुसती घुम्म. भावगीताला ते एखादवेळ खपेल. लावणीत मात्र ढोलकीचा धुम आणि ऑक्टापॅडचा किक तुझ्याच पट्ट्यात बसलेले असतात, त्यांच्यात तू विरघळून जाशील. म्हणून 30 मिलिसेकंदांपासून सुरुवात कर आणि कानानं पुढं-मागं कर.

रिलीजही फार झटपट नको. 41 हेलकाव्यांतल्या एका हेलकाव्याला जवळजवळ 24 मिलिसेकंद लागतात. यंत्र तेवढ्याच घाईनं दाबायला-सोडायला लागलं तर ते सुराला धरत नाही, त्याच्या लाटेलाच धरतं, आणि बेस खरखरतो. 150 ते 250 मिलिसेकंदांच्या आसपास ठेव. कोळीगीतासारखी झुलती चाल असेल तर पुढचा ठोका येण्याआधी दाब सुटला पाहिजे, नाहीतर दर दुसरा सूर दबलेला निघतो.

सुई किंवा दिवे 3 ते 5 डेसिबलपर्यंत दाब दाखवत असतील तर पुष्कळ झालं. ते अख्ख्या गाण्यात पेटलेच राहिले तर तू जीव ओतून वाजव की झोपेत वाजव, बाहेर एकच येणार. आणि पेडल चालू-बंद करून बघताना दोन्हीकडचा आवाज सारखा करून घे गं. आपला कान मोठ्या आवाजाला भुलतो. पेडल विकणाऱ्यांचं अर्धं काम तर तिथंच होतं!

अजून एक. मेकअप गेन उचललास की तुझ्याबरोबर जनरेटरची घूंही वर येते, दोन गाण्यांमधल्या शांततेत तर जास्तच. तेव्हा पेडल पायानं बंद करायची सवय लाव, किंवा व्हॉल्यूमची खुंटी मागं घे.

रियाज मात्र कोरडा कर. ना कॉम्प्रेसर, ना इफेक्ट, मेट्रोनोम लाव आणि चारही तारांवर एकच गाणं सारख्या जोरानं वाजव. थकलीस की आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांची गाणी हेडफोनवर लाव आणि गायकाला विसरून फक्त खालची ओळ ऐक. कोणता सूर किती वेळ धरलाय नि कुठं सोडलाय, ते कुठलंही यंत्र तुला करून देणार नाही.

साउंडवाल्याशी बोलताना आधीच सांग, "दादा, माझ्याकडं थोडं कॉम्प्रेशन आहे, तुमच्याकडं चॅनेलवर असेल तर हलकं ठेवा." हल्लीच्या डिजिटल मिक्सरवर ते असतंच. दोघांनीही दाबलं तर बेसचा भुगा होतो. एखादा ऐकणार नाही, हसेल. हसू दे. तू तुझं बंद कर आणि त्याच्यावर सोड, भांडायला तुझ्याकडं रात्र नसते, चौथ्या मिनिटाला पडदा उघडतो.

घेताना आपला बेस सोबत ने, दुकानातल्या गिटारवर ऐकून ठरवू नको. गिटारसाठी केलेली काही पेडलं खालच्या सुरानंच भडकतात आणि वरचं सगळं गिळतात. 'ब्लेंड'ची खुंटी असलेलं मिळालं तर उत्तम, म्हणजे न दाबलेला आवाजही थोडा मिसळता येतो. आणि अडॅप्टर नीट बघून घे. बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट लागतात, मधली पिन निगेटिव्ह. घरातला सीसीटीव्हीचा 12 व्होल्टवाला बसतोय म्हणून खुपसशील, तर पहिल्याच दिवशी धूर निघेल.