दूरची फेक

वऱ्हाडात ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला, की पाखरांचे थवे शेतांवर उतरू लागतात. पूर्वी अशा दिवसांत अकोल्याच्या परिसरातील शेतांमध्ये उंच माळे उभारलेले असत आणि माळ्यावर गोफण घेऊन राखणदार उभा असे. आता कपाशी व सोयाबीन यांच्यापुढे ज्वारीचा पेरा घटला असून गोफणही दुर्मिळ होत चालली आहे. तथापि त्या साध्या साधनात फेकीच्या विद्येचे सारे मर्म साठविलेले आहे.

दोन दोऱ्या आणि त्यांच्यामध्ये खडा ठेवण्यापुरती विणलेली खोळ, एवढीच गोफणीची सामग्री. एका दोरीचा फास बोटात अडकवावयाचा, दुसरीचे टोक चिमटीत धरावयाचे, गोफण गरगर फिरवावयाची आणि नेमक्या क्षणी चिमटीतील टोक सोडून द्यावयाचे. राखणदार काही मोठा पहिलवान नसे. पुष्कळदा ते काम घरातील पोरसवदा मुलाकडेच येई. तरीही त्याचा खडा दूर शेताच्या बांधापर्यंत जाऊन पडे. दोरीमुळे त्याच्या हाताची लांबी जणू वाढे, हे तर खरेच. परंतु तो पाय रोवून उभा राही, कंबर वळवी आणि शेवटी हात सोडी, हेही तितकेच खरे. त्याच्या फेकीत सर्व देहाचे बळ उतरलेले असे.

हेच मर्म क्रीडांगणावरही प्रत्ययास येते. अकोल्याचे अथर्व तायडे विदर्भाच्या संघातून रणजी करंडकाचे सामने खेळले. त्यांच्यासारखे व्हावे, असे स्वप्न शहरातील कितीतरी मुले पाहत असतात. परंतु क्रिकेट म्हणजे केवळ फलंदाजी व गोलंदाजी नव्हे. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून सुमारे 60 ते 82 मीटर दूर असते. तेथे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला सुमारे 160 ग्रॅम वजनाचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती पोहोचवावयाचा असतो, आणि तेवढ्या अवधीत फलंदाज दोन यष्ट्यांमधील 20 मीटरांचे अंतर तोडीत असतात. फेक दुबळी पडली, तर एकीच्या दोन धावा होतात. सामना कधीकधी तेवढ्यावरच हातचा जातो.

बेसबॉल या खेळातही मैदानाच्या दूरच्या भागात तीन क्षेत्ररक्षक उभे असतात. त्यांच्यापैकी आपल्या फेकीसाठी जगभर नावाजलेले खेळाडू म्हणजे रॉबर्टो क्लेमेंटे. त्यांचा जन्म 1934 साली प्वेर्तो रिको या बेटावर झाला. 1955 ते 1972 पर्यंत ते अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संघाकडून खेळले आणि उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाबद्दलचा सुवर्ण हातमोज्याचा मान त्यांनी 12 वेळा मिळविला. शाळेत असताना ते भालाफेकीत प्रवीण होते. भाला नुसत्या हाताने दूर जात नाही. धाव, पाऊल, कंबर आणि खांदा यांची साखळी जुळल्याखेरीज तो हवा कापीत नाही. ती साखळी त्यांच्या अंगी बाणली असल्यामुळे त्यांच्या फेकीची धास्ती घेऊन धावणारे खेळाडू जागीच थबकत. 1972 च्या डिसेंबरात निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्यांचे विमान कोसळले व त्यात त्यांचा अंत झाला. ज्या बाहूंनी कीर्ती मिळविली, ते अखेरीस परदुःख निवारण्यासाठीच पुढे झाले होते.

उत्तम फेक कशी घडते, ते आता क्रमाने पाहू. चेंडू आपल्याकडे येत असता क्षेत्ररक्षकाने धावत पुढे व्हावे आणि लक्ष्याच्या दिशेने वेग असतानाच तो हाती घ्यावा. दोन बोटे शिवणीवर आडवी व अंगठा खाली, अशी पकड असावी. तिच्यामुळे चेंडू सरळ जातो. नंतर एक छोटी उडी घेऊन देह लक्ष्याला आडवा करावा. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा व डावा पाय लक्ष्याकडे असावा. डावे पाऊल जमिनीवर घट्ट टेकताच प्रथम कंबर वळते, मग छाती, मग खांदा. कोपर खांद्याच्या पातळीस येते आणि सर्वांच्या शेवटी मनगट झटका देते. आसुडाची मूठ थोडीच हलते, परंतु शेंडा कडाडतो. तसेच हे आहे. चेंडू सुटल्यावर हात एकाएकी अडवू नये. तो आपल्या गतीने खाली व आडवा जाऊ द्यावा.

वेगाचे महत्त्व एका साध्या नियमावरून कळते. हवेचा अडथळा न धरल्यास, त्याच कोनात फेकलेल्या चेंडूचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा पल्ला चौपट होतो. म्हणून थोडा वेग वाढला, तरी पल्ल्यात मोठा फरक पडतो. मात्र चेंडू उगाच आकाशात चढवू नये. उंच फेक हवेत रेंगाळते. तीच सखल फेक एक टप्पा घेऊनही कित्येकदा आधी पोहोचते. अंतर फारच असेल, तर मध्ये उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू देण्यातच शहाणपण असते.

असे बळ कसे कमवावे? त्यासाठी वऱ्हाडातील मुलांना दूर जावयास नको. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि 1936 साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने देशी व्यायाम व खेळ जगाला दाखविले. त्याच परंपरेतील बैठका पायांना बळ देतात, जोर छाती व खांदे घडवितात, सूर्यनमस्कार कंबर लवचीक करतात, आणि दोरीवर चढण्याने पाठ बळकट होते. पाठीचे व खांद्यामागचे स्नायू विशेष मोलाचे आहेत; कारण वेगाने पुढे गेलेल्या हाताला थोपविण्याचे काम तेच करतात. ज्याला गती आवरता येत नाही, त्याने गती वाढवू नये.

फेकीचा सराव पायरीपायरीने करावा. आधी धावून व हात फिरवून अंग तापवावे. मग दहा मीटरांवरून सावकाश फेकावे, आणि फेक सहज व नेमकी होऊ लागली, म्हणजेच अंतर थोडे वाढवावे. जड दगड फेकून हात बळकट होतो, ही समजूत घातक आहे.

येथे एक गोष्ट प्रत्येक मुलाने मनावर कोरून ठेवावी. अकरा-तेरा वर्षांच्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कोवळी कूर्चा असते. तिच्यावर रोजच्या रोज अतोनात ताण पडला, तर कोपर व खांदा दुखावतात आणि ते दुखणे कधीकधी दीर्घकाळ पाठ सोडीत नाही. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची व्यवस्था पाहणाऱ्या लिटल लीग या संस्थेने म्हणूनच 2007 सालापासून, फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या मुलांच्या फेकी मोजण्यास आरंभ केला. अकरा-बारा वर्षांच्या मुलास एका दिवसात 85 पेक्षा अधिक फेकींची मुभा नाही, आणि पुष्कळ फेकी झाल्यास पुढे काही दिवस विश्रांती सक्तीची आहे. तेथील मुले दुबळी आहेत, म्हणून हा नियम केला नाही. त्यांचे हात पुढील आयुष्यात उपयोगी पडावेत, म्हणून केला.

दुखणाऱ्या हाताने फेकीत राहणे हे शौर्य नव्हे. दुखू लागताच थांबणे आणि वडीलधाऱ्यांना सांगणे, हाही सरावाचाच भाग आहे. काळ्या जमिनीत बी पेरल्यावर शेतकरी ते रोज उकरून पाहत नाही. तो मशागत करतो आणि वाट पाहतो. बाहूंचे बळही तसेच हळूहळू उगवते. ते ज्याने धीराने कमविले, त्याचा चेंडू सीमारेषेवरून निघून नेमका यष्ट्यांपाशी पोहोचतो.

शब्दार्थ

माळा – शेताच्या राखणीसाठी उभारलेला उंच मांडव. प्रत्यय – अनुभव. आसूड – चाबूक. कूर्चा – हाडापेक्षा मऊ व लवचीक असा शरीरातील भाग.

स्वाध्याय

1. राखणदाराचा खडा दूर जाण्याची कोणती दोन कारणे पाठात सांगितली आहेत?
2. फेकीच्या वेळी देहाचे कोणकोणते भाग कोणत्या क्रमाने हलतात?
3. ‘ज्याला गती आवरता येत नाही, त्याने गती वाढवू नये.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. लिटल लीगने फेकींची मर्यादा का घातली?
5. पुढील शब्द वाक्यांत योजा : थबकणे, अंगी बाणणे, धास्ती घेणे.
6. तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना विचारून गोफणीविषयी दहा ओळी लिहा.