खरेदीपूर्वीची मोजणी

विल्यम लॅम्ब्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषा मोजण्यास प्रारंभ केला. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो आरंभ होय. ज्या परिसरात एवढे काटेकोर मापन झाले, त्याच आजच्या चेन्नईत जमीन विकत घेणारा गृहस्थ मात्र पुष्कळदा केवळ कागदावरील आकड्यावर विसंबून राहतो.

चेन्नईत भूखंडाचे प्रचलित माप 'ग्राउंड' हे आहे. एक ग्राउंड म्हणजे २४०० चौरस फूट. भूखंड ४० फूट रुंद व ६० फूट लांब असून शेजाऱ्याची भिंत लांबीच्या बाजूने दोन फूट आत आलेली असेल, तर १२० चौरस फूट, म्हणजेच विसावा हिस्सा, हातचा जातो. किंमत मात्र पूर्ण ग्राउंडाची मोजली जाते.

महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारखा तमिळनाडूतील 'पट्टा' धारकाचे नाव व क्षेत्र सांगतो. मोजणी-पुस्तकातील नकाशा सीमांची मापे देतो. तथापि भिंत आज कोठे उभी आहे, हे यांपैकी एकही कागद सांगू शकत नाही. त्यासाठी जागेवरच मोजणी करावी लागते.

ती केव्हा करावी? बोलणी चालू असतानाच केली आणि व्यवहार फिसकटला, तर खर्च वाया जातो. नोंदणीनंतर केली, तर उणीव उघडकीस येईतो पैसे विक्रेत्याच्या हाती गेलेले असतात. म्हणून विक्रीकरार झाल्यानंतर व उर्वरित रक्कम देण्यापूर्वी, हीच योग्य वेळ होय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार विक्रेत्याने ज्ञात दोष सांगावयाचा असतो. परंतु खरेदीदाराला साध्या दक्षतेने जो कळू शकला असता, त्या दोषापुरते हे बंधन नाही. कमी भरलेल्या जागेबद्दल मागाहून दाद मागणे यामुळेच कठीण होते.

खर्चाचा प्रश्न करारातच मिटवावा. विक्री पूर्ण होईपर्यंत मालक विक्रेताच असतो. म्हणून शासकीय मोजणीचा अर्ज त्याने करावा आणि शुल्क खरेदीदाराने द्यावे, अशी वाटणी सोयीची ठरते. खासगी मोजणीदार नेमल्यास थोडी रक्कम आगाऊ द्यावी व उरलेली स्वाक्षरीचा नकाशा हाती आल्यावर द्यावी. क्षेत्र कमी भरल्यास किंमत त्या प्रमाणात उतरेल किंवा इसारा परत मिळेल, अशी अट लिहून घ्यावी. शासकीय मोजणीस विलंब लागू शकतो. तेव्हा कराराची मुदतही मोजणी पूर्ण होण्याशी जोडलेली असावी. मोजणीचा खर्च जमिनीच्या किमतीपुढे अल्पच असतो. तो वाचविण्याच्या मोहापायी जमीनच वादात अडकू नये.